मांजराच्या छातीत गुडगुड? डायफ्रामचा हर्निया कसा ओळखतात

मांजर उंचावरून पडलं किंवा गाडीची धडक बसली. उठलं, पलंगाखाली जाऊन बसलं, दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लंही. घरच्यांना वाटतं, चला, वाचलं! पण अंगावर एकही जखम नसताना आतला पडदा फाटलेला असू शकतो.

हा पडदा म्हणजे डायफ्राम, छाती आणि पोट यांच्यामधली स्नायूची पातळ भिंत. पोटावर अचानक जोरात दाब आला की ती फाटते आणि पोटातले अवयव छातीत सरकतात. हाच डायफ्रामचा हर्निया. बहुतेकदा यकृत, नाहीतर आतडी, कधी जठर. मग फुप्फुसांना फुलायला जागाच उरत नाही.

घरी एक गोष्ट नक्की करा. मांजर गाढ झोपलं की बरगड्यांकडे बघत ३० सेकंद श्वास मोजा आणि दुप्पट करा. साधारण १५ ते ३० ठीक. ४० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि तोंड उघडून धापा टाकत असेल, मान पुढे काढून, कोपरं फाकवून बसत असेल, तर मोजत बसू नका, निघा. नेताना त्याला उताणं धरू नका.

माझ्या टेबलावर असं मांजर आलं की आधी ऑक्सिजन. मी लगेच हात लावत नाही, नुसता त्याचा श्वास बघते. मग स्टेथोस्कोप. एका बाजूला ठोके दबलेले, आणि कधीकधी छातीत चक्क आतड्यांची गुडगुड! पोट चाचपलं तर रिकामं लागतं. पण एवढ्यावर निदान करता येत नाही. छातीत पाणी झालं तरी ठोके दबतात, आणि गुडगुड पोटातूनही ऐकू येते.

म्हणून एक्स-रे. पडद्याची रेघ तुटलेली आणि हृदयाशेजारी वायूने फुगलेली आतड्याची वळणं दिसली, की उत्तर मिळालं. धापणाऱ्या मांजराला एक्स-रेसाठी उताणं पाडायचं नाही, तेवढ्यानेही ते दगावू शकतं. पोटावर बसवूनच काढायचा.

अडचण होते ती एकटं यकृतच छातीत गेलेलं असतं तेव्हा. भोवती पाणी साठलं की सगळंच पांढरं दिसतं. अशा वेळी पाणी काढून पुन्हा एक्स-रे, किंवा सोनोग्राफी. सोनोग्राफीतही एक चकवा आहे. निरोगी मांजरातही पडद्यापलीकडे यकृताचं प्रतिबिंब उमटतं, आणि यकृत छातीत असल्याचा भास होतो. त्यामुळे मी पडद्याची रेघ नेमकी कुठे तुटली आहे ते शोधते. यकृत हृदयाला टेकलेलं दिसलं, तर शंका फारशी उरत नाही. तरीही उलगडा झाला नाही तर सीटी स्कॅन.

काही पिल्लं जन्मतःच हा दोष घेऊन येतात. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांत तो जास्त आढळतो.

आणि अपघात जुना असला तरी सांगा. कित्येक मांजरं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हा हर्निया घेऊन फिरतात. येतात ती उलट्या किंवा वजन घटल्याची तक्रार घेऊन. "मागच्या वर्षी पडलं होतं" एवढं तुमचं एक वाक्य कानावर आलं, की डॉक्टर पोटाबरोबर छातीचाही एक्स-रे काढतील.