तुम्ही जरा बाहेर बसा

(केसपेपरची खिडकी, रांग)

वांद्र्याचं भाभा रुग्णालय, महापालिकेचं. गरोदर बायकांची ओपीडी सकाळीच भरते. कोणी बिहारची, कोणी मराठवाड्यातली, कोणी इथल्याच वस्तीतली. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, मग पोटावर टेप.

(दंडावर बीपीचा पट्टा, क्लोज-अप)

पट्टा बांधताना बाही वर सरकते आणि वळ दिसतो. कारण तयार असतं: बाथरूममध्ये पाय घसरला. घसरलेली बाई गुडघ्यावर, तळहातावर आपटते. दंडाच्या आतल्या बाजूला बोटं उमटत नाहीत. सिस्टर सोबतच्या माणसाला म्हणते, "तुम्ही जरा बाहेर बसा, तपासायचंय."

('दिलासा'ची पाटी, बंद दार)

2000 साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं इथे 'दिलासा' सुरू केलं, घरात मार सोसणाऱ्या बायकांसाठीचं मदत आणि समुपदेशन केंद्र. रुग्णालयातच चालणारं हे देशातलं असं पहिलं केंद्र. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला 2005 मध्ये, म्हणजे नंतर. हिशेब साधा होता: पोलीस ठाण्यात न जाणारी बाई दवाखान्यात येतेच, आणि त्याचा जाब घरी द्यावा लागत नाही. समुपदेशक आडवळणं घेत नाही. मारतो का? पोटावर मारतो का? पोटभर जेवू देतात का? आम्ही फोन केला तर कोण उचलतं? मग आखणी: आधार कार्ड, थोडे पैसे, कपड्यांचा एक जोड शेजारणीकडे. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल, तर 'देखरेखीसाठी' म्हणून वॉर्डातच ठेवून घेतात.

(जव्हार, पाड्याकडे जाणारा रस्ता)

पालघर जिल्ह्यातल्या या आदिवासी पाड्यावर तपासणी अंगणवाडीत, आरोग्य व पोषण दिवशी. आशाताई आहेत, काटा आहे. बाहेर बसवायचं तर आत खोली एकच, आणि सासू दारातच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याकडून होणारी हिंसा अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांनी इतरांपेक्षा जास्त सांगितली. त्यावरून 'त्यांच्यात चालतंच' म्हणणारे भेटतात, शिकलेलेसुद्धा. गरिबी, दारू, दवाखान्याचं अंतर यांचं नाव ते घेत नाहीत.

(वजनकाट्यावर बाळ)

गरोदरपणातल्या मारानं रक्तस्राव, गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, अडीच किलोच्या आतलं बाळ, सगळ्यांचाच धोका वाढतो. अंगात रक्त कमी असेल तर आईच्या जिवावर बेततं.

(अंगणवाडी, आतून)

'दिलासा' पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांत गेलं. पाड्यावर दुसरी खोली मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर काट्याभोवती पडदा लावावा, आणि वजनाच्या वेळी सासूला अंगणात बसवावं.