लिटल रॉकची नेली

रंगमंचावर खराखुरा शॉवर. नेली झालेली अभिनेत्री मेरी मार्टिन गाता गाता केसांना शाम्पू चोळते आहे. मनात बसलेल्या माणसाला डोक्यावरून पाणी घेऊन धुऊन टाकायचं, असं तिनं ठरवलंय. आठवड्याला आठ प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगात हे न्हाणं. प्रेक्षकांना ही नेली लगेच आवडते.

७ एप्रिल १९४९. न्यूयॉर्कचं मॅजेस्टिक थिएटर. महायुद्ध संपून चार वर्षंही झालेली नाहीत, आणि संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांची ‘साउथ पॅसिफिक’ ही संगीतिका सुरू होते. मूळ कथा जेम्स मिचनरच्या. तो स्वतः नौदलातून दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर राहून आलेला.

नेली ही आर्कान्सामधल्या लिटल रॉकची नौदलातली नर्स. एमील या फ्रेंच मळेवाल्यावर तिचा जीव जडतो. मग कळतं, की त्याच्या दोन मुलांची वारलेली आई पॉलिनेशियन होती. नेली मागे फिरते. का, ते तिला धड सांगताही येत नाही. हे आपल्यात जन्मापासूनच आहे, एवढंच ती म्हणते.

‘जन्मापासून नाही,’ लेफ्टनंट केबल उसळून म्हणतो. टोंकिनच्या (आजच्या उत्तर व्हिएतनाममधल्या) लियात या मुलीवर त्याचं प्रेम आहे, पण लग्नाला त्यानंही नकार दिलाय. म्हणून त्याचं पुढचं गाणं उपदेश वाटत नाही, स्वतःवरच ओढलेला आसूड वाटतो: द्वेष शिकवावा लागतो, सहा-सात-आठ वर्षांचं होण्याआधीच मुलांच्या मनात भरवावा लागतो. गाणं जेमतेम दीड मिनिटाचं. ते काढून टाका, असा सल्ला मिळाला होता. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांनी तो ऐकला नाही. १९५३ मध्ये जॉर्जियातल्या आमदारांनी त्यात कम्युनिस्ट विचार शोधून काढला.

लियातची आई ब्लडी मेरी झालेल्या हुआनिता हॉलला १९५० मध्ये टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. तरीही एक गोष्ट मला खटकतेच: जिच्यासाठी केबल तळमळतो, त्या लियातला नाटकात बोलायला जवळपास काही नाही.

१९५७ मध्ये नेलीच्याच गावी, लिटल रॉकला, नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवायला लष्कर बोलवावं लागलं.

नाटकात नेली परत येते, त्या दोन मुलांकडे. एमीलबरोबर गेलेल्या युद्धमोहिमेत केबल मारला गेलाय. एमील जिवंत आहे की नाही, तिला ठाऊक नाही. ती मुलांबरोबर त्यांचं फ्रेंच गाणं म्हणते आहे, शब्द अडखळताहेत, आणि पुढची ओळ मागून एमीलच्या आवाजात येते. सगळे जेवायला बसतात. टेबलाखाली दोन हात एकमेकांना घट्ट धरतात.