'मॅक' कुणाच्या मालकीचा?

मंडळी, आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार होतं. सातारकर, नागपूरकर, पेडणेकर. उद्या एखादी कंपनी म्हणाली, बाजारात हा 'कर' फक्त आमचा, तर? आयर्लंड-स्कॉटलंडकडे 'मॅक' असाच आहे. मॅक म्हणजे मुलगा. बापाच्या नावाआधी तो लावला की घराण्याचं नाव झालं. मॅकडोनाल्ड हे नावही तिथूनच आलं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरलेली ही दोन अक्षरं, आणि मॅकडोनाल्ड्स ही बर्गरची कंपनी त्यांच्यावर पहारा बसवते, याचा मला खरोखर राग येतो.

क्वालालंपूरचं पाहा. 1999 मध्ये भारतीय वंशाच्या एका जोडप्याने तिथे 'मॅककरी' नावाचं हॉटेल काढलं. मलेशियन चिकन करी, त्याचं हे लघुरूप, असं त्यांचं म्हणणं. पाटीवर दोन्ही अंगठे वर केलेली कोंबडी, ताटात माशाच्या डोक्याची करी आणि रोटी चनाई. 2001 मध्ये मॅकडोनाल्ड्सने दावा ठोकला आणि 2006 मध्ये उच्च न्यायालयात जिंकलाही! एप्रिल 2009 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च पातळीवर कंपनीची मागणी फेटाळली गेली. करी खायला आलेला माणूस बर्गरच्या दुकानात शिरलो असं समजेल का, एवढं ठरवायला आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत रोज सकाळी शटर उघडताना त्या जोडप्याच्या मनात काय येत असेल?

ट्रेडमार्क, म्हणजे मालाची ओळख म्हणून राखलेलं नाव किंवा खूण, मला हवाच आहे. बाटलीवरचं नाव ओळखून आई लेकराला औषध पाजते. त्या नावाखाली दुसऱ्याने भलतंच विकू नये, यासाठी हा कायदा. गिऱ्हाइकाची फसगत टाळणं हे त्याचं काम. जिथे फसगतीची शक्यताच नाही, तिथे तो उगारायचा कशाला?

आयर्लंडमध्ये पॅट मॅकडोना यांनी 1978 मध्ये 'सुपरमॅक्स' हे फास्ट फूडचं हॉटेल सुरू केलं. माणसाच्या आडनावातच मॅक! तरी ते युरोपात पाय पसरायला निघाले, तेव्हा मॅकडोनाल्ड्सने त्यांच्या नावाला हरकत घेतली. मॅकडोना उलट मॅकडोनाल्ड्सच्या 'बिग मॅक' या बर्गरच्या नावाच्याच नोंदणीवर चालून गेले. जून 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने चिकन सँडविच, कोंबडीचे पदार्थ आणि रेस्टॉरंट सेवा यांच्यापुरती ती नोंदणी रद्द केली, कारण सलग पाच वर्षांच्या काळात त्यांच्यासाठी खरा वापर झाल्याचा पुरावा कंपनीला देता आला नाही.

पण मॅकडोनांकडे लढायला बळ होतं. चार टेबलांच्या खानावळवाल्याकडे वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस येते, तेव्हा तो कायदा वाचत बसत नाही. रंगाऱ्याला बोलावून पाटी बदलून घेतो. अशी प्रकरणं कोर्टापर्यंत पोचतच नाहीत. आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 35 आहे : स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. कलम 142 आहे : बिनबुडाची धमकी देणाऱ्यावर उलट दावा करता येतो. त्या खानावळवाल्याला ही दोन कलमं कुणी सांगितलेलीच नसतात, म्हणून आज मुद्दाम सांगतो आहे.