सीनेचे पाणी आणि सोलापूरचे सांडपाणी

मित्रहो, सांडपाण्याच्या विषयात सोलापूरची स्थिती जरा अवघड आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. तेच धरण आपली तहान भागवते, आणि त्यावर पसरणाऱ्या जलपर्णीबद्दल आपण हक्काने तक्रार करतो. मात्र आपले नाले सीनेच्या खोऱ्यात उतरतात, सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आणि त्या संगमाखालच्या गावांच्या दृष्टीने आपणच वरचे शहर असतो.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी हा प्रचलित हिशोब धरला, तर तेव्हाच्या लोकसंख्येलाही रोज सुमारे दहा कोटी लिटर सांडपाणी होते. ते मैलाशुद्धीकरण केंद्रात आले की जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडते, पुढे वाळू बसते, आणि मग खरे काम जिवाणूंचे. ब्लोअरने हवा सोडलेल्या टाकीत ते घाण खातात, वाढतात आणि पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला काही गाळ पुन्हा हवेच्या टाकीत घेतला जातो. १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडलेली ही पद्धत आजही बहुतेक केंद्रांचा पाया आहे. वीज गेली आणि ब्लोअर बराच वेळ बंद पडले, की हे जिवाणू गुदमरतात. म्हणून केंद्राची क्षमता किती, यापेक्षा ब्लोअर किती तास चालले, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनच्या राजआयोगाने १९१२ मध्ये सोडलेल्या पाण्यासाठी बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली, तेव्हा नदीत त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, हे गृहीत धरले होते. बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल, त्याचे माप. सीनेत उन्हाळ्यात आठपट पाणी कुठून आणायचे? धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले नाही, तर शहराखालच्या पात्रात वाहते ते मुख्यतः आपणच सोडलेले पाणी. अशा पात्रात ‘मर्यादेत आहे’ हा शेरा पुरेसा नाही. अमोनियाही पाहावा लागतो, कारण अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि तो माशांच्या वाट्याचा असतो.

शिवाय चादरी-टॉवेलांच्या रंगाईतून येणारे विरघळलेले क्षार या जिवाणूंना खाता येत नाहीत. ते केंद्रातून जसेच्या तसे बाहेर पडतात आणि पुढे शेतात साठतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त कारखान्यातच झाला पाहिजे.

राहिला पुनर्वापर. मैलाशुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, असे २०१६ चे वीजदर धोरण सांगते, आणि आपल्याजवळ फताटेवाडीचा प्रकल्प आहे. त्यामुळे गोड्या पाण्यावरचा ताण हलका होईल, हे खरे. पण सगळेच पाणी तिकडे वळवले, तर सीनेचा उन्हाळी प्रवाहच जाईल. म्हणून किती पाणी प्रकल्पाला आणि किती नदीला, हे करार करण्यापूर्वीच आकड्यांत ठरवून घेतले पाहिजे.