नावाच्या शेवटी 'लॉल'

(दादर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. बोलायला येण्याआधी मी एक अट घातली होती. प्रत्येकाने आपल्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप बरोबर आणायची. आणलीत ना? आता ती उलटी करा. कंपनीने दिलेलं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. चष्मा नसेल तर शेजारच्याकडून वाचून घ्या. शेवटी 'लॉल' येतंय का? ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रानोलॉल. ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल एकाच गोळीत असलेली स्ट्रिपही पुष्कळांकडे असेल, तीही धरा. ही सगळी बीटा-ब्लॉकर मंडळी, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करून प्रेशर उतरवणारी औषधं. आजचं माझं बोलणं त्यांच्यापुरतं, आणि ती एकदम का सोडायची नाहीत याबद्दल.

लालबागला माझं औषधांचं दुकान आहे. एकतीस वर्षं काउंटरवर उभी आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कुणाला कुठली गोळी द्यायची हे मी ठरवत नाही. पण कोणी गोळी मध्येच सोडली, हे डॉक्टरांच्या आधी मला कळतं, कारण दर महिन्याला येणारा माणूस येईनासा होतो.

माझे सासरे गिरणी कामगार. प्रेशर होतं, जिना चढताना छातीतही दुखायचं, म्हणून त्यांना ॲटेनोलॉल पन्नास मिलिग्रॅम चालू होती. एका वर्षी गणपतीला तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला गेले आणि स्ट्रिप इथेच फ्रीजवर राहिली. फोनवर म्हणाले, "अगं, गावच्या हवेत कसलं प्रेशर? आल्यावर घेतो." चौथ्या दिवशी आरतीला उभे असताना छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटला, छाती आवळून आली. रिक्षात घालून तालुक्याला न्यावं लागलं. वाचले ते. पण गोळी राहिल्याचं कळल्यावर त्याच दिवशी गावातल्या केमिस्टकडून ती घ्यायला मी त्यांना लावलं नाही, हे मला आजही लागतं.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की मी सांगितलेलं विसरलात तरी चालेल. आपल्या हृदयावर बारीक दारं आहेत असं धरा. धावपळ, राग, भीती, काहीही झालं की शरीरात ॲड्रेनालिन सुटतं, ते या दारांतून आत शिरतं आणि हृदयाला म्हणतं, जोरात चल. बीटा-ब्लॉकर त्या दारात जाऊन बसतो. ठोके मंदावतात, हृदयाचं काम हलकं होतं, मूत्रपिंडातून येणारं, प्रेशर वाढवायला लावणारं रेनिन कमी होतं आणि प्रेशर उतरतं. पण शरीर गप्प बसत नाही. आपली हाक आत पोचत नाही असं दिसल्यावर ते हळूहळू आणखी दारं बसवतं. गोळी रोज घेताय तोवर काही कळत नाही. एके दिवशी गोळी एकदम बंद केलीत की जुनी दारं उघडी, नवीही उघडी, आणि ॲड्रेनालिन सगळीकडून आत. नाडी पळते, प्रेशर उसळतं. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला झटका येऊ शकतो. म्हणून ही गोळी थांबवायचीच असली तर डॉक्टर तिचा डोस साधारण एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, उतरवत नेतात.

लोक सोडतात कशासाठी? "प्रेशर नॉर्मल आलं," म्हणून. अहो, ते गोळीमुळे नॉर्मल आलं. कुणी पैसे वाचवायला दिवसाआड घेतात. कुणाचं ऑपरेशन असतं आणि सकाळी उपाशी राहायचं म्हणून ते आपणच गोळी गाळतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. ही गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात.

आणि हल्ली एक नवं कारण ऐकते, "ही जुनी गोळी आहे, आता देत नाहीत." यात अर्धं खरं आहे. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल शोधलं ते छातीच्या दुखण्यासाठी. त्याने प्रेशरही उतरतं हे १९६४ च्या सुमारास लक्षात आलं. ब्लॅकना १९८८ साली नोबेल मिळालं. पुढे २००२ साली एका मोठ्या अभ्यासात लोसार्टन ही प्रेशरची दुसऱ्या जातीची गोळी घेणाऱ्यांना ॲटेनोलॉल घेणाऱ्यांपेक्षा पक्षाघात कमी झाला, आणि २००६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शनात नुसत्या प्रेशरसाठी पहिली गोळी म्हणून बीटा-ब्लॉकर मागे पडला. पण हार्ट ॲटॅक येऊन गेलेला, अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, हृदय कमजोर झालेलं, ठोके अनियमित, अशा माणसाला यातली योग्य गोळी आजही पुष्कळदा लागते. तुम्हाला ती कशासाठी दिली आहे हे डॉक्टरांना विचारा. बदलायची असेल तर तेच बदलतील.

दमा असेल तर मात्र पहिल्याच भेटीत सांगा. श्वासनलिकेवरही अशीच दारं आहेत. पंपातलं सालब्युटामॉल ती उघडतं आणि प्रोप्रानोलॉल ती बंद करतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा डोळ्यातून रक्तात जातात आणि दम लावू शकतात. साखरेवर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की साखर एकदम उतरली तर होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकते. घाम मात्र झाकत नाही. अचानक घाम आला की साखर तपासा. आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही हृदयाची, प्रेशरची दुसरी गोळी चालू असेल तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा, कारण दोन्ही मिळून ठोके धोकादायक मंद करू शकतात.

थकवा, हातपाय गार पडणं, विचित्र स्वप्नं, पुरुषांच्या खाजगी तक्रारी, हे होतं. लाजून गोळी सोडू नका, डॉक्टरांना बोला, दुसरा पर्याय असतो. रोज सकाळी मनगटावर नाडी मोजा, पूर्ण मिनिटभर. पन्नासच्या खाली जात असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. भोवळ येऊन पडलात किंवा छातीत दुखलं तर १०८.

एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. मेटोप्रोलॉल सक्सिनेटची गोळी कुटू किंवा चावू नका, ती दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. आणि केमिस्टकडे चार गोळ्या कापून मागताना बघा, एक्स्पायरीची तारीख तुमच्या तुकड्यावर आहे की दुकानातच राहिली.

गावी जाताना पिशवीत जितके दिवस राहणार त्याहून आठवडाभर जास्त गोळ्या घाला. परतीचं तिकीट वेळेवर मिळेलच असं नाही. अर्ध्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत.

आता चहा येतोय. मी इथे टेबलापाशी बसते. ज्यांच्या स्ट्रिपवर 'लॉल' सापडलं त्यांनी पुढे या, चिठ्ठीही घेऊन या. आणि ज्यांनी अलीकडे सोडली आहे त्यांनी सगळ्यात आधी.