वाफसा : मरी ते बर्ड्सव्हिल, पावसानंतर

[दृश्य : गावाबाहेरचा रस्त्यांचा फलक, जवळून]

बर्ड्सव्हिल ट्रॅक. बंद.

गाव मरी. उच्चार अगदी आपल्या मरीआईतला. दक्षिण ऑस्ट्रेलियात इथे डांबर संपतं आणि पुढे क्वीन्सलँडच्या हद्दीपलीकडल्या बर्ड्सव्हिलपर्यंत 517 किलोमीटर मातीचा रस्ता लागतो. फलकावर रस्त्यांची नावं आहेत आणि नावासमोर बदलता येणारी पट्टी. हिरवी म्हणजे खुला, लाल म्हणजे बंद. इथे वर्षाला सरासरी दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बराचसा दोन-तीन दिवसांतच पडून गेला की लाल पट्टी लागते आणि फलकाखाली कॅरॅव्हॅनची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांची, रांग वाढत जाते.

आभाळ मात्र स्वच्छ आहे. ऊन आहे. इथेच पहिली फसगत होते.

[दृश्य : बुटाची टाच मातीत, मग टायर]

हा टायर बघा. खाचा दिसत नाहीत. चिकणमाती त्यांत इतकी घट्ट बसली आहे की चाक गुळगुळीत झालंय. दोन-चारशे मीटर गेलं तरी मडगार्ड आणि चाक यांच्यामधली फट भरते, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. वरून दगडगोटे दिसतात, पण त्यांच्याखाली अशीच माती आहे. पाणी पिऊन फुगणारी, वाळली की भेगाळणारी. मराठवाड्यात-विदर्भात काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको. इथली माती लाल-तपकिरी असली, तरी पाण्याशी वागण्याची रीत तीच.

शेतकरी पावसानंतर वाफसा येण्याची, म्हणजे माती कामापुरती सुकण्याची, वाट बघतो. रस्त्यालाही वाफसा लागतो. वरची पापडी वाळलेली दिसते, पण टाच दाबून फिरवली की खालून ओल वर येते. म्हणून गाडीतून उतरून पन्नास पावलं चालायचं. दर दहा पावलांवर टाच दाबायची, तीही रस्त्याच्या मधोमध नव्हे, चाकं जिथून जाणार तिथे. बुटाला माती चिकटून वर आली तर परत फिरायचं. आणि टाच कोरडी निघाली तरी फलकावर लाल पट्टी असेल, तर रस्ता बंदच. पुढच्या 500 किलोमीटरमध्ये कुठे काय आहे, हे टाचेला कळत नाही.

[दृश्य : वाळलेल्या चाकोऱ्या, नंतर ग्रेडर]

बंद रस्त्यावर एखादी गाडी घुसली तर काय होतं, ते या चाकोऱ्यांत दिसतं. ओल्या मातीत एकाच गाडीने पाडलेली ही रेघ चार दिवसांच्या उन्हात विटेसारखी कडक होते. नंतर येणाऱ्या प्रत्येक गाडीचं चाक त्यात अडकतं. कॅरॅव्हॅनची दोन चाकं आत आणि दोन बाहेर गेली की सगळं वजन एका बाजूच्या स्प्रिंगवर येतं. ती चाकोरी काढायला ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, लागतो. ग्रेडर कमी आहेत आणि रस्ते लांब. गुरांचे ट्रकही याच रस्त्याने जातात. त्यांच्या मालकांना हौस म्हणून थांबता येत नाही. पर्यटकाला येतं.

[दृश्य : थांबलेल्या कॅरॅव्हॅन, छपरावरची सौर पॅनेलं]

थांबायचं म्हणजे हिशोब आला. माणशी रोज दहा लिटर पाणी धरा, धुण्या-आंघोळीत काटकसर करून. किराणा ठरलेल्या प्रवासापेक्षा निदान आठवडाभराचा जास्त, तांदूळ-डाळ-पीठ अशा फ्रिज न लागणाऱ्या वस्तूंचा. डांबरी रस्त्याचाही भरवसा धरू नये. जानेवारी 2022 च्या पावसात स्टुअर्ट हायवेसुद्धा तुटला आणि कूबर पीडी गावाला हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानाने खाद्यपदार्थ पोचवावे लागले.

डिझेल वाटेतल्या मंगरॅनीला मिळतं. मरीपासून ते 204 किलोमीटर, तिथून बर्ड्सव्हिल 313. मागे कॅरॅव्हॅन असताना 100 किलोमीटरला 20 लिटर धरलं तर दुसऱ्या टप्प्याला 63 लिटर लागतील. चिखलात हाच आकडा दीडपट होतो. शिवाय अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं तर? टाकीत तेवढंही हवं.

[दृश्य : हवेचं गेज, व्हॉल्व्हवर, जवळून]

पट्टी हिरवी झाली. आता निघण्याआधी हवा.

डांबरावर पुढच्या चाकांत 38, मागच्यांत 42 पीएसआय असेल तर इथे 28 आणि 32 वर या. कॅरॅव्हॅनची 45 असेल तर 34 च्या आसपास. गाडीची हवा कमी करून कॅरॅव्हॅनची तशीच ठेवणं ही नेहमीची चूक. मग मागची टणक चाकं प्रत्येक खड्डा चासीपर्यंत पोचवतात, आणि आतल्या कपाटांचे स्क्रू रात्री फरशीवर सापडतात. हवा कमी केली की वेगही कमी, 70 ते 80 च्या वर नाही. तासाभराने थांबून पुन्हा मोजा. गरम टायरची हवा 4 ते 6 पीएसआय वाढली तर ठीक. 10 वाढली असेल तर टायर वाजवीपेक्षा जास्त दबतोय. म्हणजे हवा फार कमी केलीय, वजन जास्त आहे किंवा पाय जड आहे. बहुतेकदा पाय.

वजनाचंही तेच. पाण्याच्या टाक्या, जादा डिझेल, दुसरं स्टेपनी हे सगळं कॅरॅव्हॅनच्या मागच्या बंपरवर टांगलं की पुढच्या बॉलवरचा, म्हणजे गाडीला कॅरॅव्हॅन जिथे जोडतात त्या लोखंडी गोळ्यावरचा, भार हलका होतो आणि शेपूट डोलायला लागतं. भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन 2,500 किलो असेल तर त्यातले साधारण 250 किलो बॉलवर यायला हवेत.

[दृश्य : फुगीर रस्ता, घसरणारी कॅरॅव्हॅन, मागून]

हे दृश्य नीट बघा. रस्ता मध्ये फुगीर, दोन्ही कडांना उतरता. गाडी मधोमध आहे, पण कॅरॅव्हॅन हळूहळू डावीकडे, चराकडे सरकतेय. ओल्या पट्ट्यावर हे असंच होतं. इथे चालकाने पायाचा ब्रेक मारला असता तर गाडी थांबली असती आणि मागचं धूड पुढे आलं असतं. त्याने फक्त कॅरॅव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक हाताने, अगदी हलके लावले. मागून ओढ बसली आणि शेपूट सरळ झालं. पण यासाठी ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे कॅरॅव्हॅनचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ठरवणाऱ्या गाडीतल्या बटणाची, तीव्रता आधीच कमी करून ठेवावी लागते. डांबरावरच्या सेटिंगवर ठेवली तर चिखलात चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक घसरगुंडीवरच्या पाटासारखं जिकडे उतार तिकडे जातं.

समोरून ट्रक आला तर डावीकडे घेऊन थांबा. वायरलेसवर 40 नंबर चॅनल लावून ठेवा. ट्रकवाले त्यावरच बोलतात.

[दृश्य : ओढा, काठी घेऊन पाण्यात उतरलेला माणूस]

वाटेत ओढे आहेत. रस्ता खुला असला तरी काहींत पाणी असतं. आधी चालत जायचं, काठीने खोली बघायची, तळ टणक आहे की नाही ते पायाने तपासायचं. पाणी वाहतं असेल आणि पाय ठरत नसेल, तर तिथे गाडीही ठरणार नाही.

गाडी 700 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. कॅरॅव्हॅनबद्दल तसं काही लिहिलेलं नसतं. एक साधा हिशोब करू. खोका 6 मीटर लांब, 2.3 मीटर रुंद. फरशीच्या वर 10 सेंटिमीटर पाणी चढलं की त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन होतं 1,380 किलो. म्हणजे 2,500 किलोची कॅरॅव्हॅन 18 सेंटिमीटरला तरंगायला लागते. दाराच्या फटींतून, जाळ्यांतून पाणी आत शिरेलच, पण त्याला वेळ लागतो. तोवर ती होडी झालेली असते आणि गाडीचं मागचं टोक तिच्याबरोबर वाहायला निघतं. कॅरॅव्हॅनसाठी मर्यादा एकच : पाणी फरशीच्या खाली, आणि तेही संथ.

उतरण्याआधी वीस-तीस मिनिटं थांबणं चुकवू नका. तापलेलं चाकाचं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढुरकं झालेलं दिसलं की समजायचं. गाडीतून कॅरॅव्हॅनला वीज देणाऱ्या वायरचा प्लग काढून ठेवायचा की नाही यावर दोन मतं आहेत. काढला तर ब्रेक आणि दिवे बंद, हे मात्र लक्षात असू द्या.

[दृश्य : रुतलेली गाडी, फावडं]

रुतलीच तर आधी फावडं. चाकांपुढची माती काढा, हवा आणखी उतरवा, चाकाखाली ट्रॅक, म्हणजे पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या, टाका. तरीही निघत नसेल तर कॅरॅव्हॅन सोडवा. गाडी एकटी बाहेर काढा, टणक जमिनीवर न्या आणि मग लांब दोराने कॅरॅव्हॅन ओढा. दोर टो-बॉलला कधीही अडकवू नका. बॉल तुटून गोळीसारखा सुटतो. त्याने माणसं गेली आहेत.

[दृश्य : कूपर क्रीक, पाण्यावरचे पेलिकन, नंतर काठावरची जुनी बोट]

आणि हा कूपर. बहुतेक वर्षं इथे कोरडी वाळू असते. ढग नसताना ही नदी चढते, कारण पाऊस पडलेला असतो शेकडो किलोमीटर वर, क्वीन्सलँडच्या चॅनल कंट्री नावाच्या प्रदेशात. जमीन इतकी सपाट आहे की ते पाणी इथे यायला आठवडे, कधी महिने घेतं. मार्च 2025 च्या अखेरीस तिथे 1974 च्या मोठ्या पुरालाही मागे टाकणारा पूर आला, लाखाच्या वर जनावरं गेली. पाणी मग खाली लेक एयरकडे निघालं. तो तलाव समुद्रसपाटीच्या 15 मीटर खाली आहे आणि तिथे पाणी पोचलं की पेलिकन कुठून कुठून येतात.

काठावरची ही बोट, टॉम ब्रेनन, 1949 मध्ये पुरातून माल आणि माणसं पलीकडे न्यायला आणली होती. टपाल नेणारा टॉम क्रूस हाच रस्ता धरायचा. हॉलिवूडवाला नव्हे. हा 1936 पासून वीसेक वर्षं लेलँड बॅजर ट्रकमधून मरी-बर्ड्सव्हिल फेऱ्या मारणारा. वाळूत लोखंडी पत्रे टाकून ट्रक पुढे काढायचा. त्याच्याही आधी उंट होते. 1866 मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकारे पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मरीत त्या लोकांच्या मशिदीची प्रतिकृती आजही उभी आहे.

2010 मध्ये कूपर रस्त्यावर आला तेव्हा पुन्हा तराफा सुरू झाला. तराफ्यावर कॅरॅव्हॅन घेतात की नाही, किती लांबीची, किती वजनाची, हे त्या त्या वेळचे नियम ठरवतात. मरी सोडण्याआधी विचारा. इथे येऊन कळलं तर रुंद नसलेल्या रस्त्यावर ते धूड उलटं फिरवावं लागतं.

[दृश्य : बर्ड्सव्हिल, चाक उतरवलेलं, ब्रेक ड्रम]

बर्ड्सव्हिल. 1884 चं हॉटेल समोर आहे, पण आधी चाकं. ड्रमवर हातोडीने हलके ठोका. हा बघा, मातीचा अख्खा साचा निघाला. हा आत राहिला तर ब्रेक धरणार नाही किंवा धरला की सोडणार नाही. गॅस रेग्युलेटरचं तोंड धुवा, प्लगच्या पिना पुसा, सांडपाण्याचा पाइप जागेवर आहे का पाहा. बहुतेक वेळा नसतो.

गावाच्या पलीकडे आणखी एक फलक आहे, विंडोराकडच्या रस्त्याचा. त्यावरची पट्टी अजून लाल आहे.