लाकडी ठोकळा आणि वाणसामानाची यादी

(दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेडसेट.)

९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. सभागृहात हजारेक संगणकतज्ज्ञ बसलेत आणि अमेरिकी अभियंता डग्लस एंगलबार्ट त्यांना संगणकाच्या पडद्यावर दाखवतोय काय, तर वाणसामानाची यादी! केळी, गाजरं, सूप...

त्या काळी संगणकाशी बोलायचं म्हणजे कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. इथे मात्र हा गृहस्थ यादीतली एक ओळ उचलतो, दुसरीकडे नेऊन ठेवतो. भाज्या एका मथळ्याखाली, डबाबंद वस्तू दुसऱ्या. क्षणात यादी मिटते, क्षणात उलगडते. हे सगळं त्याच्यासमोर, त्याच घटकेला.

(दृश्य : ठोकळा, अगदी जवळून.)

उजव्या हाताखाली माऊस. पहिला नमुना त्याचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवला, चक्क लाकडी. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं : एक आडवी चाल मोजतं, दुसरं उभी. हे नाव का पडलं, ते खुद्द एंगलबार्टलाही धड सांगता येईना.

संगणक सभागृहात नव्हताच. तो होता सुमारे ५० किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. तिथल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर उमटतो आणि दोघं मिळून एकाच मजकुरावर काम करू लागतात. आपल्याला ही सवय लागायला कितीतरी वर्षं गेली.

या वेडाचं बी पडलं १९४५ मध्ये. नौदलातला तरुण रडार तंत्रज्ञ एंगलबार्ट फिलिपिन्समधल्या लेयटे बेटावर होता. तिथे रेडक्रॉसच्या झोपडीवजा वाचनालयात अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांचा लेख त्याच्या हाती लागला. बुश यांच्या कल्पनेतलं यंत्र, 'मेमेक्स', म्हणजे एक टेबल : पोटात मायक्रोफिल्मवरची ग्रंथसंपदा आणि एका कागदावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या, वाचणाऱ्याने स्वतः पाडलेल्या पायवाटा. ते यंत्र कधीच तयार झालं नाही.

१९६८ च्या त्या गर्दीत अंगात ताप असताना आलेला ॲलन के हा तरुणही होता. पुढे झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' (PARC) या संशोधन प्रयोगशाळेत त्याने वहीएवढ्या, मुलांच्या हाती देण्याजोग्या संगणकाचं स्वप्न मांडलं : डायनाबुक. तेवढं लहान काही तेव्हा जमणारं नव्हतं. पण १९७३ मध्ये तिथेच 'आल्टो' हा संगणक उभा राहिला. माऊससकट.

(दृश्य : पुन्हा एंगलबार्ट. या वेळी डावा हात.)

सगळे उजवा हात बघतात. जरा डावीकडे बघा. पेटीच्या असाव्यात तशा पाच पट्ट्या. दोन-तीन एकदम दाबल्या की एक अक्षर. शिकायला वेळ लागायचा, पण एंगलबार्टचं म्हणणं, लागू दे की! माणसाची कुवत वाढवायची तर त्याने थोडी मेहनत का घेऊ नये?

बाजाराने माऊस उचलला. पट्ट्या तिथेच राहिल्या.